दोन बोटांचा इतिहास

चाळीस मिलिमीटर म्हणजे किती? आपल्या हाताची दोन बोटं जोडून आडवी धरा, साधारण तेवढंच. छोट्या हॅचबॅकला ॲडजस्टेबल कॉइलओव्हर बसवून गाडी 'लोअर' करणारी पोरं पहिल्या झटक्यात तिला जेवढी खाली घेतात ते अंतर बहुतेक वेळा एवढंच असतं. चाक आणि मडगार्ड यांच्यामधली पोकळी भरली, गाडी रस्त्याला जरा चिकटून दिसायला लागली, की त्यांना स्वर्ग दोन बोटं उरतो! बघणाऱ्यांपैकी निम्मे म्हणतात "काय दिसतेय!" आणि उरलेले निम्मे म्हणतात "या रस्त्यांवर? डोकं ठिकाणावर आहे का?"

मी ऑटोमोबाइल इंजिनिअर नाही. आठवड्याचे पाच दिवस कोड लिहितो आणि शनिवार-रविवार असल्या नसत्या गोष्टींच्या मागे लागतो. पण या दोन बोटांच्या मागे लागल्यावर लक्षात आलं, की हा नुसता हौसेचा विषय नाही. त्यात साडेतीनशे वर्षांचा इतिहास आहे, आणि तो लंडन, डेट्रॉइट, लॉस एंजेलिस, कुर्ला, चाकण असं करत शेवटी वसईतल्या सांडोरला, म्हणजे माझ्या आजोळी येऊन पोचतो. सांडोरच का, ते ओघात येईलच.

सुरुवात स्प्रिंगपासून करू. लंडनच्या रॉबर्ट हूकने १६७६ मध्ये आपला एक शोध अक्षरांची सरमिसळ करून, कोडं घालून छापला. म्हणजे शोध आपल्या नावावर लागला, पण दुसऱ्या कोणाला कळला नाही! (आजच्या भाषेत सांगायचं तर त्याने आधी हॅश प्रसिद्ध केला.) उत्तर त्याने १६७८ मध्ये सांगितलं: स्प्रिंग जेवढी ताणाल किंवा दाबाल, तेवढ्या प्रमाणात ती उलट जोर लावते. शाळेत आपण हा हूकचा नियम पाच मार्कांसाठी पाठ केला आणि विसरलो. पण गाडीची उंची ठरते ती याच नियमाने. गाडीचं वजन स्प्रिंगला दाबतं, स्प्रिंग उलट ढकलते, आणि दोन्ही जिथे बरोबरीत येतात तिथे गाडी 'उभी' राहते.

नियम कळला तरी स्प्रिंग लगेच सगळ्यांच्या गाडीखाली आली असं नाही. आमच्या आजोबांच्या बैलगाडीला स्प्रिंग नव्हतीच. सांडोरच्या वाडीतली केळी आणि विड्याची पानं तिच्यातून वसई रोड स्टेशनला जायची. तिच्या आसाखालून कोंबड्याच काय, आम्ही पोरंही जायचो. छातीइतकं उंच लाकडी चाक हीच तिची सगळी यंत्रणा. चाक मोठं असलं की ते खड्ड्यात कमी पडतं आणि आस उंच राहिला की दगड खालून निघून जातो. ग्राउंड क्लिअरन्सचा प्रश्न सुतार-लोहारांनी कोणत्याही समीकरणाशिवाय सोडवला होता. फक्त बसणाऱ्याच्या कमरेचा विचार त्यात नव्हता, कारण गाडी माणसांसाठी नव्हतीच, केळ्यांसाठी होती.

माणसांच्या कमरेचा विचार केला तो घोडागाड्या बनवणाऱ्यांनी. ओबाडाया इलियट नावाच्या लंडनच्या कारागिराने १८०४ मध्ये पोलादी पाट्यांची लंबगोल स्प्रिंग आणली. मुंबईच्या व्हिक्टोरिया असल्याच पाट्यांवर डुलत चालायच्या. त्या बंद करण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये दिला, पण पाटे काही गेले नाहीत. हायवेवर पुढच्या ट्रकच्या मागच्या चाकाशी बघा, तोच इलियटचा भाऊबंद दिसेल.

मोटारी आल्या, वेग वाढला आणि नुसत्या पाट्यांवर भागेना. १९३० मध्ये मॉरिस ओली हा इंग्लिश इंजिनिअर रोल्स-रॉइस सोडून अमेरिकेत कॅडिलॅककडे गेला आणि गाडी खड्ड्यावरून गेल्यावर आतल्या माणसाला नेमकं काय होतं, याचा त्याने पद्धतशीर अभ्यास केला. १९३४ च्या मॉडेलपासून जनरल मोटर्सच्या गाड्यांना पुढे दोन्ही चाकं स्वतंत्रपणे खालीवर होणारी व्यवस्था आली. डावं चाक खड्ड्यात गेलं म्हणून उजव्याने मान तुकवायची गरज उरली नाही.

इथे थोडं गणित. (कंटाळा आला तर पुढच्या परिच्छेदावर उडी मारा, राग नाही.) गाडी स्प्रिंगवर दर सेकंदाला किती वेळा वरखाली होते, हे फक्त एका गोष्टीवर ठरतं: गाडीच्या स्वतःच्या वजनाने स्प्रिंग किती दबली आहे. १६० मिमी दबली असेल तर सेकंदाला सव्वा वेळा, ८० मिमी दबली असेल तर पावणेदोन वेळा. आपल्याला सुखाची वाटणारी गाडी साधारण एक ते दीड वेळा डुलते. त्याच्या वर गेलं की गाडी 'कडक' लागते आणि मागच्या सीटवरची आजी बोलायला लागते. म्हणजे मऊ गाडीला स्प्रिंग दबायला भरपूर जागा लागते. जागा हवी म्हणजे उंची हवी. उंची कमी केली की स्प्रिंग कडक करावी लागते, नाहीतर गाडी प्रत्येक खड्ड्यात बुडाशी आपटेल. इथे फुकट काही मिळत नाही, हे लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

आता आपल्या हॅचबॅकचा खरा पूर्वज. जनरल मोटर्सला दुसऱ्या महायुद्धानंतर एक हलकी, स्वस्त शेवरोले काढायची होती. 'कॅडेट' नावाच्या त्या प्रकल्पावर अर्ल मॅकफर्सन काम करत होता. १९४७ मध्ये प्रकल्प गुंडाळला गेला आणि मॅकफर्सन फोर्डमध्ये गेला. त्याची कल्पना साधी होती. शॉकअपच्या नळीलाच मुख्य खांब करायचं, त्याच्याभोवती स्प्रिंग घालायची आणि वरचा आर्म काढून टाकायचा. भाग कमी, जागा कमी, खर्च कमी. १९४९-५० च्या सुमारास फोर्डच्या युरोपातल्या गाड्यांना हा 'स्ट्रट' लागला, आणि पुढे छोट्या गाड्यांच्या जगात त्याने राज्य केलं. मारुती ८००, इंडिका, स्विफ्ट, पोलो, सगळ्यांच्या पुढच्या चाकांमागे हाच मॅकफर्सन उभा आहे. गंमत बघा, कॉइलओव्हर म्हणजे शॉकअपभोवती स्प्रिंग. ती तर तुमच्या गाडीला पुढे कंपनीतूनच आलेली असते! बाजारात 'कॉइलओव्हर' म्हणून जे विकतात त्यात नवीन असतात ते फक्त आटे. त्यांच्याकडे नंतर वळू.

कारण गाडीची उंची गाडी एकटी ठरवत नाही, रस्ता ठरवतो. आणि आपल्या रस्त्यांचा इतिहास सुरू होतो तो एका मराठी माणसापासून. १९२७ मध्ये सरकारने रस्त्यांसाठी समिती नेमली, तिचे अध्यक्ष होते बॅरिस्टर मुकुंदराव जयकर (तेच, पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झालेले). १९२८ च्या अहवालात जयकर समितीने सांगितलं, की रस्ते आता प्रांतांच्या आणि स्थानिक संस्थांच्या आवाक्याबाहेर गेले आहेत, हे देशाचं काम आहे, आणि त्याचा पैसा पेट्रोलवरच्या जादा करातून उभा करावा. १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी आला, १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली, आणि १९४३ मध्ये देशभराच्या रस्त्यांचा पहिला आराखडा नागपूरच्या परिषदेत ठरला. तेव्हापासून रस्ता वापरणारा पेट्रोलच्या प्रत्येक थेंबामागे रस्त्याचे पैसे देत आलाय. हा मुद्दाही बाजूला ठेवा, लागेल.

रस्त्यांचा निधी आला तशी गाडीही इथेच बनू लागली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ पासून गाड्या बाहेर पडू लागल्या. त्यातली आपल्या घरोघरची म्हणजे फियाट. १९६४ पासूनची ११००डी, तीच आधी प्रेसिडेंट आणि मग १९७४ मध्ये पद्मिनी झाली. तिला पुढे कॉइल स्प्रिंग आणि मागे पाटे. म्हणजे पुढे ओली आणि मागे इलियट, असा संयुक्त कुटुंबाचा कारभार! मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत मागे बसून ज्यांनी दादर ते बोरीबंदर केलंय त्यांना ते पाटे आठवत असतील. ३० ऑक्टोबर २०२३ ला शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून उतरली. त्या जमान्यात गाडी खाली घ्यायची हौस फार कोणाला नव्हती. गाडीसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसलेला माणूस तिची स्प्रिंग कशाला कापेल? शॉकअपही आपल्याकडे बनायला लागले होते. गॅब्रिएल इंडिया १९६१ ची, पुढे नाशिक आणि चाकणला तिचे कारखाने झाले. पण गिऱ्हाइकाचा प्रश्न एकच असायचा, "किती वर्षं टिकेल?"

१४ डिसेंबर १९८३ ला पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हातात पडली, आणि हळूहळू प्रश्न बदलला. 'टिकेल का'च्या जागी 'कशी पळते' आलं. १९९८ मध्ये पुण्याची इंडिका आली, २००१ मध्ये कुर्ल्याच्याच कारखान्यातून पालिओ, मे २००५ मध्ये स्विफ्ट. हातात पगार आलेली, सुरुवातीचे ईएमआय भरणारी आपली पिढी आणि गाडीशी 'खेळायची' हौस एकाच वेळी वयात आली म्हणा ना. अलॉय व्हील, जाड सायलेन्सर, आणि मग लोअरिंग.

पण ही हौस आणि कंपन्यांचा हिशोब बरोबर उलट दिशेने चालले होते. परदेशात ठरलेली गाडी भारतात आणताना कंपन्या तिची उंची वाढवतात, स्प्रिंग बदलतात, इंजिनाखाली संरक्षक पत्रा लावतात. इकडे गॅरेजमध्ये पोरं त्याच गाडीची ती वाढवलेली उंची काढून टाकत होती. एकच गाडी, कारखान्यात वर चढते आणि गॅरेजमध्ये खाली उतरते. मग बरोबर कोण? खरं सांगायचं तर दोघंही, आपापल्या रस्त्यापुरते. २०१० मध्ये फोक्सवॅगनने चाकणला बनणाऱ्या पोलोची शर्यत मालिका सुरू केली, पोलो कप. चेन्नई आणि कोइम्बतूरच्या ट्रॅकवर पळणाऱ्या त्या गाड्या अर्थातच खाली आणि कडक होत्या, कारण ट्रॅकवर खड्डा नसतो, गतिरोधक नसतो आणि मागच्या सीटवर आजी नसते.

आता ते आटे. गाडी खाली घ्यायचा सर्वात स्वस्त आणि सर्वात वाईट मार्ग म्हणजे ग्राइंडर घेऊन स्प्रिंगचा एक वेढा कापणे. सहा वेढ्यांच्या स्प्रिंगचा एक वेढा कापला की ती खाली तर येतेच, पण वीस टक्के कडकही होते, कारण स्प्रिंगची ताठरता वेढ्यांच्या उलट्या प्रमाणात असते. कापलेलं टोक बैठकीत नीट बसत नाही. चाक हवेत लटकलं की स्प्रिंग सुटी होऊन जागेवरून सरकू शकते. आणि आतला शॉकअप मात्र जुन्याच स्प्रिंगच्या हिशोबाने बनलेला.

कॉइलओव्हर हा यावरचा सभ्य उपाय. शॉकअपच्या नळीवर बाहेरून बोल्टसारखे आटे पाडलेले असतात. त्यावर स्प्रिंगची बैठक नटासारखी फिरते. हुक पान्याने ती खाली घेतली की गाडी खाली, वर घेतली की वर, आणि मग लॉकरिंग आवळायची. आमच्या भाषेत सांगायचं तर कंपनीने हार्डकोड केलेली व्हॅल्यू कॉन्फिग फाइलमध्ये आणली! जरा महागड्या प्रकारात बैठक जागेवरच ठेवतात आणि नळीचा खालचा कंसच आट्यांवर फिरवतात. त्यामुळे गाडी खाली आली तरी शॉकअपला आत जायला जागा तेवढीच राहते. मागच्या बाजूला बहुतेक हॅचबॅकमध्ये स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे असतात, तिथे स्प्रिंगखाली आट्यांची बैठक घालून काम भागवतात.

पण कॉन्फिग बदलता येते म्हणून काहीही घालून चालत नाही, हे आम्हा लोकांना कोणी सांगायला नको. मॅकफर्सनच्या रचनेत खालचा आर्म साधारण आडवा असावा असा सगळा हिशोब असतो. गाडी जास्त खाली घेतली की तो चाकाच्या बाजूने वर चढतो. मग वळणावर गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो बिंदू गाडीच्या वजनाच्या केंद्रापेक्षाही वेगाने खाली सरकतो, आणि दोघांमधलं अंतर उलट वाढतं. म्हणजे खाली घेतलेली गाडी, स्प्रिंग पुरेशी कडक केली नाही तर, वळणावर आधीपेक्षा जास्त कलू शकते! चाकांचा कॅम्बर बदलतो, टो बदलतो, टायर आतल्या बाजूने झिजतात, हेडलाइट भलतीकडे रोखले जातात. म्हणून अलाइनमेंट नव्याने केल्याशिवाय हे काम पूर्ण झालं असं म्हणता येत नाही. वीस-पंचवीस मिलिमीटरपर्यंत बरंचसं सांभाळता येतं. साठ-सत्तरच्या पुढे ती गाडी उरत नाही, देखावा होतो.

सरकारला या उंचीशी काय देणंघेणं? इथे लॉस एंजेलिसकडे बघावं लागतं. युद्धानंतर तिथल्या मेक्सिकन वस्त्यांतली पोरं डिकीत वाळूची पोती टाकून किंवा स्प्रिंग कापून गाड्या खाली घेत आणि रस्त्यावरून सावकाश मिरवत. १ जानेवारी १९५८ पासून कॅलिफोर्नियाने कायदा लागू केला: गाडीचा कुठलाही भाग चाकाच्या रिमच्या खालच्या कडेपेक्षा खाली नको. पुढच्याच वर्षी रॉन अगिरे या तरुणाने आपल्या कॉर्व्हेटला हायड्रॉलिक बसवलं. मिरवताना गाडी खाली, पोलीस दिसला की बटण दाबून वर! उंची चालकाच्या हाती देणारी ही करामत जन्माला आली ती कायद्याला चकवायला. कॅलिफोर्नियाला तो नियम काढून टाकायला ऑक्टोबर २०२३ उजाडावा लागला, आणि बदल १ जानेवारी २०२४ ला अमलात आला. जर्मनीने वेगळी वाट धरली. तिथे कॉइलओव्हरच्या खोक्यात त्याच्या चाचणीचा कागद येतो. तो आणि गाडी घेऊन टीयूव्हीसारख्या संस्थेकडे जायचं, ते तपासतात, मोजतात, मग बदल कागदोपत्री अधिकृत होतो. हौस करा, पण मोजून करा, असा तो मामला.

आपल्याकडे मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. आधी आरटीओला कळवून आणि परवानगी घेऊन बदल करायची वाट होती. २००० च्या दुरुस्तीने ती बरीच अरुंद झाली: कंपनीने मुळात ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत बदल करायचा नाही. ९ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात हाच अर्थ पक्का केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आलं: नियमबाह्य बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. "आरसी बुकात उंची कुठे लिहिलेली असते?" असा वाद काही जण घालतात. घाला, पण अपघात झाला तर तोच वाद विमा कंपनीशी घालायची तयारी ठेवा. पुण्यात १९६६ पासून एआरएआयसारखी संस्था वाहनांच्या चाचण्या करते आहे, म्हणजे मोजायची अक्कल आपल्याकडे नाही असं नाही. पण ती चाचणी गाडी बनवणाऱ्यासाठी. एकट्या-दुकट्या गाडीवाल्याने कॉइलओव्हर घेऊन जावं, तपासून घ्यावं आणि शिक्का मारून आणावा, असं सोपं खिडकीवरचं काम इथे नाही.

इतकं सगळं मी वाचलं ते मामेभावामुळे. तो सांडोरला राहतो, अंधेरीला नोकरी करतो, स्विफ्ट घेतलीय आणि दीड महिन्याचा पगार कॉइलओव्हरसाठी बाजूला काढलाय. "दादा, फक्त चाळीस एमएम!" असं तो गयावया करत होता. घरात गाडी एकच. मामी तिच्यातूनच दवाखान्यात जाते. रविवारी सेंट थॉमस चर्चला निघालेल्या दोन म्हाताऱ्या शेजारणीही तिच्यात असतात. म्हणून म्हटलं, वाद नको, मोजू.

स्विफ्टचा कागदावरचा ग्राउंड क्लिअरन्स १६३ मिमी. हा आकडा रिकाम्या गाडीचा धरला आणि चार माणसं बसली की गाडी तीसेक मिमी दबते असं मानलं, तर उरले १३३. त्यातून चाळीस काढले, ९३. आता गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसचं १९८८ चं मार्गदर्शन सांगतं, गोलाकार गतिरोधक १०० मिमी उंच आणि गाडीच्या दिशेने ३.७ मीटर लांब असावा, म्हणजे साधारण १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा. स्विफ्टच्या पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर २.४५ मीटर. म्हणजे गाडी पूर्ण गतिरोधकाच्या अंगावर चढते, आणि दोन चाकांच्या मधे तिच्या पोटाकडे फुगवटा येतो तो फक्त ४४ मिमी! मी तीनदा गणित केलं. नियमाप्रमाणे बांधलेल्या गतिरोधकावरून ९३ मिमीची लोअर केलेली गाडीही न घासता निघून जाते, वर जवळजवळ पाच सेंटिमीटर शिल्लक ठेवून. भावाचा चेहरा फुलला.

मग आम्ही टेप घेऊन घराजवळचा गतिरोधक मोजायला गेलो. लांबी एक फूट. उंची १४० मिमी. तो दोन चाकांच्या मधे आरामात मावतो, म्हणजे पोटाशी येणारी उंची पूर्ण १४०. लोअर केलेली गाडी सोडा, चार माणसं बसवलेली कंपनीची गाडीसुद्धा १३३ वर तिथे खरवडते! आणि बाइकवाल्यांचं काय होतं ते त्या कोपऱ्यावरच्या घरातली माणसं जास्त चांगलं सांगतील. तो गतिरोधक कोणी बांधला ते कोणालाच सांगता आलं नाही. एका रात्रीत उगवला म्हणतात.

आम्ही परत आलो तर मामा पायरीवर बसलेला. त्याच्या घराला लहानपणी मी मोजलेल्या चार पायऱ्या होत्या, आता दोन आहेत. घर खचलेलं नाही. रस्ता वर आलाय. जुना थर न खरवडता त्याच्यावर नवा डांबराचा थर, मग आणखी एक, असं वीस वर्षं चाललं. एक थर म्हणजे साधारण चाळीस-पन्नास मिमी, पुन्हा तीच आपली दोन बोटं. वसईचा हा पश्चिम पट्टा मुळात सखल. जुलै २०१८ मध्ये अख्खं वसई-विरार काही दिवस पाण्यात होतं, तेव्हा मामाच्या ओटीवरही पाणी आलं. एरवी चार पायऱ्या चढून यायला त्याला आणखी वेळ लागला असता. आम्ही दोघं आकडे सांगत होतो ते ऐकून मामा म्हणाला, "अरे, रस्ता वर येतोय आणि तू गाडी खाली न्यायला निघालायस?"

बोललं जातं ते असं, की लोअरिंग करणारी पोरं बेजबाबदार. काही असतीलही. पण गाडीचे चाळीस मिलिमीटर मोजायला आपल्याकडे कलम आहे, दंड आहे, कैद आहे. रस्त्याचे चाळीस मिलिमीटर, आणि त्या एका फुटी गतिरोधकाचे एकशे चाळीस, मोजायला कोण येतं? जयकर समितीने सांगितलेला पैसा आपण पेट्रोलमागे देतच आलोय. एप्रिल २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं, की सुस्थितीतले रस्ते हा जगण्याच्या हक्काचाच, कलम २१ चाच, भाग आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने खड्ड्यामुळे जीव गेला तर कुटुंबाला सहा लाख रुपये भरपाई द्यायचा आदेश दिला. गतिरोधकाचं माप तर १९८८ पासून छापलेलं आहे, नेमकं मोटार वाहन कायद्याच्याच वर्षापासून. म्हणजे गाडी आणि रस्ता, दोन्ही बाजूंची मापं एकाच वेळी लिहिली गेली. राबवली गेली एकाच बाजूची.

मामेभावाला मी काय सांगितलं? करू नकोस असं. कायदा हे एक कारण आहेच. पण खरं कारण असं, की गाडीची उंची ही तिची एकटीची गोष्ट नाही. तो गाडी आणि रस्ता यांच्यातला करार आहे, आणि करारातला दुसरा पक्ष दर पावसाळ्यानंतर गुपचूप आकडे बदलतो. जी डिपेंडन्सी आपल्या हातात नाही तिच्या भरवशावर मार्जिन काढून टाकू नये, हे मी नोकरीत शिकलोय. चाकणहून निघालेल्या पोलोला ट्रॅकवर ते मार्जिन लागत नव्हतं. सांडोरला मामीला दवाखान्यात नेताना लागतं.

तो दोन दिवस घुश्शात होता. मग त्याने बाजूला काढलेल्या पैशातून चांगले शॉकअप आणि टायर घेतले, अलाइनमेंट करून घेतली, आणि गाडी कंपनीच्याच उंचीवर ठेवली. वळणावर ती आधीपेक्षा नक्कीच शहाण्यासारखी वागते. उरलेल्या रागाचा त्याने एक अर्ज केला: गतिरोधकाचा फोटो, शेजारी उभी धरलेली टेप, लांबी एक फूट, उंची १४० मिमी, आणि खाली नियमातली मापं. मामाने त्यावर सही केली, शेजारच्या बावीस घरांनी केली. अर्जाची पोच आली आहे. गतिरोधक अजून तिथेच आहे.